उजनीचे उतरते पाणी वाकळीवर कसे आणावे?

भीमाकाठ (प्रश्न)

नमस्कार. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याखाली गेलेल्या गावांपैकी एक गाव माझ्या आजीचे. १९८० साली धरण पूर्ण झाले तेव्हा आई बारा वर्षांची होती. त्याच्या आधीच गावठाण वर माळावर हलले होते, आणि जुन्या घराच्या भिंती तिने पाण्यात जाताना पाहिल्या होत्या. आजीच्या तीन नऊवारी, आजोबांची दोन धोतरे आणि आईच्या काही सुती साड्या माझ्याकडे आहेत. त्यांची पाच फूट रुंद आणि सात फूट लांब वाकळ (गोधडी) शिवायची, आणि तिच्यावर या पाण्याचे वर्षभराचे चढणे-उतरणे आणायचे, असे मनात आहे.

गेल्या वर्षी मी भिंतीवर लावण्यासाठी एक लहान तुकडा करून पाहिला. निळ्या कापडाचे पाणी, त्यात धरणात बुडालेल्या पळसदेवच्या देवळाचे करड्या कापडातून कापलेले शिखर आणि काठावर भिगवणला दिसतात तसे गुलाबी रोहित पक्षी, असे ते काम होते. शिवण बरी जमली होती, पण आईने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “हे भिगवणचं चित्र झालं. पाणी उतरलेलं कुठं दिसतंय?” तिचे म्हणणे मला पूर्ण पटले. मी जागा दाखवली होती, तिचे बदलणे दाखवलेच नव्हते.

त्यानंतर मे महिन्यात आम्ही दोघी काठावर गेलो. पाणी मागे सरकत गेलेल्या उतारावर एकाखाली एक अशा असंख्य रेषा उमटलेल्या होत्या. पाणी जिथे जिथे चार-आठ दिवस थांबले, तिथे तिथे वाळलेल्या जलपर्णीची, शिंपल्यांच्या चुऱ्याची आणि काटक्यांची एक बारीक किनार राहिली होती. दोन किनारींच्या मध्ये गाळ वाळून भेगाळला होता. उभे राहून पाहताना ते सगळे मला वाकळीवरच्या धावदोऱ्यासारखे दिसले, कारण आमच्याकडे वाकळ कडेपासून आत आत शिवत नेतात आणि पाणीही तसेच कडेकडून आत आत जाते. तेव्हापासून मला वाटते की चित्र न काढता निव्वळ टाक्यांच्या ओळींनीच हे सांगता यावे.

अडचण अशी की नमुन्यादाखल मी एक हात लांबीचा तुकडा शिवला तेव्हा मध्यभागी कापडाचा मोठा फुगा आला. ऊब यावी म्हणून आत जुनी सोलापुरी चादर घातली होती. तिच्यातून सुई जाईना आणि ओळी वाकड्या झाल्या. ओळींमधले अंतर कोणत्या हिशेबाने ठरवावे, फुगा कसा टाळावा, आणि हे रंग कसे साधावेत? वाकळी स्वतः शिवलेल्यांनी आणि तो काठ पाहिलेल्यांनी कृपया लिहावे.

वाकळवाली

ताई, पहिल्यांदा आतली चादर काढून टाका. सोलापुरी चादर अंगावर घ्यायला उत्तम असते, पण तिची वीण इतकी भरीव असते की अंगुस्तान घालूनही सुई सरळ उतरत नाही. आत धोतरच घाला. वर-खाली नऊवारी आणि मध्ये धोतराचे दोन पदर एवढे पुरते, आणि जुने सूत मऊ झालेले असल्याने टाका आपोआप एकसारखा पडतो.

फुगा का येतो ते पाहू. कडेपासून आत शिवताना प्रत्येक टाका कापड किंचित पुढे ढकलतो, आणि सगळे सैल कापड शेवटी मध्याला जाऊन साचते. म्हणून आधी जमिनीवर सगळे पदर पसरून, कडांवर पाटे-वरवंट्यासारखी वजने ठेवून, मध्यापासून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चा टाका घालावा. वाकळ पूर्ण झाल्यावर तो उसवून काढता येतो. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांची ‘कवंदी’ म्हणजे गोधडी अशीच कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यावर संपवतात, आणि चार कोपऱ्यांना घडीचे त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना त्या ‘फुला’ म्हणतात. तेव्हा आपली पद्धत तिकडेही आहे, आणि ती मोठ्या वाकळीला व्यवस्थित पेलते.

आता अंतराचा हिशेब. परदेशात लोकरीची तापमानाची पांघरुणे विणतात. दर दिवसाची एक ओळ असते आणि त्या दिवशीच्या तापमानाला जो रंग ठरवलेला असेल त्या रंगाची लोकर त्या ओळीला लागते. आपल्याला रंगाऐवजी अंतर वापरता येईल. उजनीचा साठा वर्तमानपत्रात रोज टक्क्यांत येतोच. धरण काठोकाठ भरले की तो ११० टक्क्यांवर जातो, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठच्या आसपास आला होता. म्हणजे सगळा पल्ला १७० टक्क्यांचा. दोन टक्क्यांना एक ओळ धरली तर ८५ ओळी होतात. ओळींमध्ये आठ मिलिमीटर अंतर ठेवले तर प्रत्येक बाजूने ६८ सेंटिमीटर शिवण होईल, आणि पाच बाय सात फुटांच्या वाकळीच्या मध्ये सुमारे सहा इंच रुंद व अडीच फूट लांब अशी एक पट्टी बिनशिवलेली उरेल.

ही पट्टी मी कागदावर काढून पाहिली तेव्हा थांबून राहिले. सगळ्या ओळी आत येऊन जी लांबट जागा उरते ती धरण होण्यापूर्वीच्या भीमेच्या पात्रासारखी दिसते. मग तिथे थोडे सैल कापड राहिले तरी ते मारून बसवू नका. शिवलेला भाग दबतो आणि न शिवलेला वर येतो, हा वाकळीचा गुणच आहे. ज्या फुग्याची आपल्याला चिंता वाटते, तो योग्य जागी आला तर ते उरलेले पाणी होईल.

आणखी एक गोष्ट, कारण ती चटकन लक्षात येत नाही. धावदोरा वाकळीच्या दोन्ही अंगांना दिसतो. सुई वर काढताना तांदळाच्या दाण्याएवढा टाका घेतला आणि खाली लांब टाका सोडला, तर सुलट बाजू बारीक ठिपक्यांची आणि उलट बाजू लांब रेघांची होते. पाणी उतरायला सात-आठ महिने लागतात, चढताना मात्र पुण्याकडच्या धरणांचे पाणी सुटले आणि दौंडजवळून उजनीत येणारा विसर्ग वाढला की काही आठवड्यांत ते काठाला लागते. म्हणून सुलट बाजू उतरत्या पाण्याची आणि उलट बाजू चढत्या पाण्याची धरावी असे मला वाटते. एकाच दोऱ्याने दोन्ही होते, वेगळे काही शिवावे लागत नाही.

मंजिष्ठा

रंगांविषयी लिहिते, कारण सुताला झाडपाल्याचे रंग देण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे.

निळा रंग मनातून काढून टाकावा. उन्हाळ्यात उजनीचे पाणी निळे नसतेच. शेवाळाने ते हिरवट झालेले असते आणि त्यामागे वरून येणारे सांडपाणी आहे, हे या भागातल्या सर्वांना माहीत आहे. आपली वाकळ त्या जागेची असेल तर तिने हा हिरवाही सांगायला हवा.

हिरवा रंग थेट देणारी वनस्पती मात्र सहसा सापडत नाही. पानांचा हिरवेपणा सुतावर टिकत नाही. आधी पिवळा द्यायचा आणि त्यावर नीळ चढवायची, हाच जुना मार्ग आहे. पिवळ्यासाठी हळद वापरू नका, ती उन्हात महिन्याभरात उडते. डाळिंबाची साल घ्यावी, तिचा पिवळा मळकट असतो पण टिकाऊ असतो, आणि त्या मळकटपणामुळेच नीळ चढल्यावर शेवाळी छटा येते. सूत तुरटी सहज धरत नाही, म्हणून त्याआधी हिरड्याचे पाणी द्यावे लागते. एक किलो सुतासाठी दीडशे ते दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवावी, सूत त्यात मुरू द्यावे, सावलीत वाळवावे आणि मग साधारण तितक्याच तुरटीच्या पाण्यात घालावे.

गाळाचा करडा रंग तर या हिरड्यातूनच निघतो. गंजलेले लोखंड, गूळ आणि पाणी मडक्यात दोन-तीन आठवडे आंबवले की लोखंडाचे पाणी तयार होते. हिरड्यात भिजवलेले पिवळसर सूत त्या पाण्यात बुडवताच हातातल्या हातात काळवंडते. पाणी दाट असेल तर काळ्या रानाचा रंग येतो, पातळ असेल तर ओल्या गाळाचा, आणि आणखी पातळ केले तर वाळून भेगाळलेल्या गाळाचा फिकट करडा येतो. दोऱ्याच्या लडी एकेक करून वेगवेगळ्या वेळेला बाहेर काढल्या तर काठापासून पात्रापर्यंतच्या सात-आठ छटा एकाच मडक्यातून मिळतात. मात्र लोखंड जास्त झाले तर सूत काही वर्षांत कुजून तुटू लागते, म्हणून सर्वांत गडद छटा थोड्याच ओळींसाठी ठेवावी आणि रंगवलेले सूत भरपूर पाण्यात धुऊन घ्यावे.

रंगवण्यापूर्वी आईच्या साड्यांचा एकेक धागा काढून जाळून पाहा. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर असेल तर धागा वितळतो आणि टोकाशी कडक मणी होतो. त्याला यांतला एकही रंग लागणार नाही.

गाळपेर

मी इंदापूर तालुक्यातला शेतकरी आहे. वाकळीतले मला काही कळत नाही, पण ज्या रेषांविषयी आपण सर्वजण लिहीत आहात त्या आमच्या रानातून जातात, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

ओळींचे अंतर सगळीकडे आठ मिलिमीटर ठेवले तर ते खरे दिसणार नाही. पाणी एका पातळीत उतरते, पण मागे किती सरकते हे जमिनीच्या उतारावर ठरते. ज्या बाजूला माळाचा चढ आहे तिथे महिनाभरात पाणी पंचवीस-तीस पावले मागे जाते. ज्या बाजूला पूर्वीची काळी सपाट रानं होती तिथे ते तेवढ्याच दिवसांत डोळ्यांपल्याड जाते. म्हणून वाकळीच्या एका लांब अंगाला ओळी दाट आणि समोरच्या अंगाला विरळ हव्यात, आणि पात्राची पट्टी बरोबर मध्ये न येता एका बाजूला सरकायला हवी.

दुसरी गोष्ट शून्याविषयी. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) धरतात. त्यातला ५३.५७ टीएमसी उपयुक्त आणि ६३.६६ टीएमसी मृत साठा. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून शून्य टक्के म्हणजे धरण रिकामे असा अर्थ होत नाही, निम्म्याहून अधिक पाणी तेव्हाही खाली असते. उणे साठ टक्के म्हणजे त्या मृत साठ्यातलेही निम्मे पाणी गेलेले. वाकळवाली ताईंच्या हिशेबात काठापासून ५५ वी ओळ शून्याची येते. ती ओळ वेगळ्या दोऱ्याने घालावी, कारण आमचे सगळे जगणे त्या ओळीने दोन भागांत पडते. तिथपर्यंत कालवा, बोगदा आणि नदीला पाणी सोडायचे वेळापत्रक असते. तिच्याखाली गेले की पाण्यामागे पंप न्यावा लागतो, रोज एक-दोन पाइप जोडत जावे लागतात, आणि गाळात गुडघाभर उतरून फुटबॉल (पाण्यात बुडवलेले पंपाच्या पाइपचे तोंड, म्हणजे फूट-व्हॉल्व्ह) सरकवावा लागतो. २०२३ च्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरले आणि जानेवारीतच शून्याखाली गेले. त्या वर्षीचे पाइप अजून डोळ्यांपुढे आहेत. पाण्याच्या रेषांना काटकोनात छेदत जाणारी एवढी एकच सरळ रेघ त्या उतारावर असते. जमले तर तीही दाखवा.

आणि हिरवा रंग फक्त पाण्यात ठेवू नका. पाणी सरकले की मोकळ्या झालेल्या गाळात वाफसा येताच आम्ही मका, कडवळ पेरतो, त्यालाच गाळपेर म्हणतात. सगळीकडे उन्हाने करपलेले असताना एप्रिल-मे महिन्यात पाण्याच्या अगदी कडेला कोवळ्या हिरव्याचा पट्टा असतो, आणि पाणी पुढे गेले की तो पट्टाही पुढे जातो. पाऊस लवकर आला तर उभे पीक पाण्यात जाते. ते ठाऊक असूनही पेरतात, कारण त्या गाळासारखी जमीन दुसरीकडे नाही, आणि अनेकांची ती स्वतःचीच जुनी जमीन आहे.

माळरान

गाळपेर दादांच्या लिहिण्यानंतर फार सांगण्यासारखे राहिले नाही, तरी देवळाविषयी लिहितो. पळसदेवचे शिखर आधी दिसते आणि पाणी फार खाली गेलेल्या वर्षी सगळे देऊळ उघडे पडते, लोक आत जाऊन येतात. एरवी ते तिथे असते, पण दिसत नाही. वरून कापड लावून केलेले शिखर ही गोष्ट सांगूच शकत नाही, कारण ते कायम दिसत राहते.

त्याऐवजी कापडाचा तुकडा पदरांच्या आत ठेवून शिवावा. वर काही दिसणार नाही, पण टाक्यांच्या ओळी त्या जागेवरून जाताना किंचित उंच होतील आणि तळहात फिरवला की तिथे काहीतरी आहे हे लागेल. मुंबईच्या विणकर-कलाकार मोनिका कोरिया यांनी विणकाम चालू असताना मागाची फणीच काढून घेतली आणि उभ्या धाग्यांना वाट मोकळी करून दिली, त्यामुळे ते धागे आपल्या वळणाने जाऊ लागले. निसर्गाचे चित्र काढण्यापेक्षा धाग्यालाच तसे वागू देणे अधिक पोहोचते, असे मला त्यांच्या कामावरून वाटत आले आहे. आपल्या वाकळीतही देऊळ, घर, पक्षी यांपैकी काहीही वरून चिकटवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोहित पक्ष्यांविषयी मात्र मी हट्ट करणार नाही. ते उथळ पाण्यात चरतात, म्हणून पाणी उतरू लागले की येतात आणि पाण्याच्या कडेबरोबर जागा बदलतात. एखाद-दुसऱ्या ओळीत फिकट गुलाबी दोऱ्याचे चार टाके आले तर ते आपल्या जागी असतील.

भीमाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवस उशिरा लिहिते आहे, कारण तोवर हिशेब आणि मांडामांड चालू होती.

गाळपेर दादांच्या सांगण्याप्रमाणे माळाकडच्या लांब अंगाला ओळींत पाच मिलिमीटर आणि काळ्या रानाकडच्या अंगाला अकरा मिलिमीटर अंतर धरले आहे. पट्टीची रुंदी तीच राहते आणि ती एका बाजूला सरकते. शून्याची ओळ आजीच्या नऊवारीच्या काठातून उसवून काढलेल्या तांबड्या धाग्याने घालणार आहे. तो धागा जुना आहे, पण मेण लावले की तुटत नाही, हे करून पाहिले. मंजिष्ठा ताईंच्या कृतीने लोखंडाचे पाणी लावून ठेवले आहे. साड्यांपैकी दोन पॉलिस्टरच्या निघाल्या, त्या बाजूला काढल्या. पाइपाची रेघ सर्वांत शेवटी, सगळ्या ओळींवरून आडवी घालीन.

माळरान दादांची सूचना आईला वाचून दाखवली तेव्हा ती उठली आणि धोतर पसरलेले होते तिथे येऊन बसली. घर कुठे ठेवायचे असे मी विचारले. मी खडूने देवळाची खूण आधी केली होती आणि घर तिच्या वरच्या अंगाला धरले होते. आईने ती खूण पुसली. घर देवळाच्या खाली होते, नदीच्या बाजूला, आणि पाणी भरायला जाताना देऊळ मागे राहायचे, असे तिने सांगितले. तिने पात्राच्या पट्टीपासून चार बोटे मोजली आणि त्या जागी तळहात ठेवला. ती जागा साधारण ७५ व्या ओळीशी येते, म्हणजे उणे चाळीसच्या सुमारास. आजीच्या चोळीचा खण चार पदरी दुमडून तिथे ठेवला आहे आणि त्याभोवती कच्चा टाका घातला आहे. देवळासाठी धोतराचाच तुकडा घेतला.

एक विचारायचे राहिले. दुमडलेला खण चार पदरांचा, वर-खाली वाकळीचे चार पदर, म्हणजे तिथे सुईला आठ पदर पार करावे लागतील. तेवढ्या जागेपुरता टाका मोठा घेतला तर चालेल, की खण दोनच पदरी करावा?

वाकळवाली

दोनच पदरी करा ताई. खणाची वीण घट्ट असते, दोन पदरही हाताला पुरेसे लागतील. टाका तोच ठेवा.